राहणे एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात : मालकास पत्ता कोणता कळवावा?

राज्याची सीमा नकाशावर एका रेघेने दाखविली जाते. सीमेलगतच्या नोकरदारास मात्र ती दिवसातून दोन वेळा ओलांडावी लागते. सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील अनेक जण गोव्यातील पेडणे, डिचोली आणि म्हापसा या भागांत कामास जातात. चंदगड तालुक्यातून बेळगावात आणि बेळगावातून शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत अशी दुहेरी ये-जा नित्य सुरू असते. हाच चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. पुनर्रचनेनंतर नातीगोती, बाजार आणि रोजगार पूर्वीसारखेच राहिले; कागदपत्रांची राज्ये मात्र वेगळी झाली.

नोकरीवर रुजू होताना भरावयाच्या अर्जात ‘सध्याचा पत्ता’, ‘कायमचा पत्ता’ आणि ‘राज्य’ असे रकाने असतात. ते भरताना पुष्कळांच्या मनात संभ्रम उत्पन्न होतो. परराज्याचा पत्ता पाहून नोकरी नाकारली जाईल, या भीतीने कोणी नातलगाचा पत्ता देतो. कोणी ठेकेदाराच्या खोलीचा देतो. तर कोणी कारखान्याचाच पत्ता लिहून मोकळा होतो. अशा नोंदीने त्या दिवशी काही बिघडत नाही. अपघात, आजारपण किंवा निवडणूक असा प्रसंग उद्भवला म्हणजे तिचे परिणाम दिसू लागतात. म्हणून या विषयातील मुख्य तरतुदी नोकरदारांनी आणि त्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अधिवास आणि वास्तव्य

भारतात कोठेही संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिलेला आहे. राज्याराज्यांचे निरनिराळे अधिवास आपल्या घटनेस मान्य नाहीत. अधिवास एकच, आणि तो भारताचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात स्पष्ट केले. व्यवहारात ज्यास ‘राज्याचा रहिवास’ म्हटले जाते, ती त्या त्या प्रयोजनापुरती तपासावयाची वस्तुस्थिती असते. माणूस प्रत्यक्ष कोठे राहतो, किती काळ राहतो आणि कोणत्या कामासाठी ही माहिती विचारली जात आहे, यावर तिचा निर्णय होतो. नोकरीच्या अर्जात एखाद्या गावाचा पत्ता लिहिल्याने त्या गावचे वास्तव्य सिद्ध होत नाही. आधार क्रमांकदेखील अधिवासाचा पुरावा नव्हे, असे आधार कायद्यातच नमूद आहे.

कर कोणत्या राज्याचा?

पगारावरील आयकर हा केंद्र शासनाचा कर आहे. नोकरदार महाराष्ट्रात राहतो की गोव्यात किंवा कर्नाटकात, यावरून त्याची आकारणी बदलत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्ये स्वतःचा आयकर वेगळा आकारतात. तेथे न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्यास आपल्या वास्तव्याचे राज्य काटेकोरपणे घोषित करावे लागते. परदेशी गेलेल्या आप्तांकडून ऐकलेले हे नियम येथे लागू नाहीत.

व्यवसाय कर मात्र राज्यांचा आहे. महाराष्ट्राचा व्यवसाय कर कायदा १९७५ चा, तर कर्नाटकाचा १९७६ चा आहे. हा कर नोकरी जेथे केली जाते त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वेतनातून कापला जातो. चंदगडहून बेळगावात जाणाऱ्या कामगारास कर्नाटकाचा कायदा लागू होतो. बेळगावहून शिनोळीस येणाऱ्यास महाराष्ट्राचा. ज्या राज्यात हा कर आकारलाच जात नाही, तेथील वेतनातून तो कापला जाणार नाही. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आली. तेव्हा कर वाचविण्यासाठी घराचा पत्ता बदलून लिहिणे सर्वस्वी निरर्थक होय.

अपघात आणि विमा

खऱ्या पत्त्याचे सर्वाधिक महत्त्व येथे आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात हा नोकरीच्या ओघात घडला असे मानण्याची तरतूद कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली समाविष्ट झाली. अपघाताची परिस्थिती, वेळ आणि स्थळ यांचा नोकरीशी संबंध प्रस्थापित झाला पाहिजे, ही तिची अट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही प्रवासातील अपघातास असे संरक्षण आहे.

महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीवर मोटारसायकलने जात असता, कामाचे ठिकाण सुमारे पाच किलोमीटर अंतरावर असताना अपघातात मृत्यू पावला. भरपाईचा मूळ आदेश कुटुंबाच्या बाजूने झाला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. अखेर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. घर आणि कामाचे ठिकाण यांमधील वाटेवरील अपघातही, वेळ व स्थळ यांचा संबंध जुळत असल्यास, नोकरीतून उद्भवलेला मानता येतो, हा त्या निर्णयाचा आशय आहे. तो मिळविण्यासाठी कुटुंबास बावीस वर्षे लागली.

आता दोडामार्ग तालुक्यातील एखाद्या कामगाराचा विचार करावा. तो रोज घरून ये-जा करतो. पण हजेरीपुस्तकातील पत्ता म्हापशातील मावशीचा आहे. सीमेपलीकडे, आपल्या गावच्या वाटेवर त्यास अपघात झाला, तर तो त्या वाटेवर कशासाठी होता, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. खरे वास्तव्य अन्य पुराव्याने सिद्ध करता येईलही. परंतु घरातील कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबावर तो भार कशाला टाकावा?

राज्य विमा योजनेच्या वेतनमर्यादेत येणाऱ्या कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. (२०१७ पासून ही मर्यादा मासिक २१,००० रुपये करण्यात आली.) या योजनेत विमेदाराच्या बरोबरीने त्याच्या कुटुंबीयांसही वैद्यकीय सेवेचा लाभ असतो. कुटुंब दुसऱ्या राज्यात राहत असल्यास तसे नोंदवावे व त्यांच्यासाठी सोयीचा दवाखाना निवडावा. एरवी आजारी मुलास घेऊन आईला सीमेपलीकडील दवाखान्यात जावे लागते.

मतदानाचा हक्क

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदार यादीतील नोंद ‘सर्वसाधारण वास्तव्या’वर आधारलेली असते. केवळ मालकीचे घर असल्याने एखादी व्यक्ती तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. तसेच काही काळ घरापासून दूर राहिल्याने ते वास्तव्य संपुष्टातही येत नाही. दोन मतदारसंघांत नाव नोंदविण्यास मनाई आहे. त्यासाठी जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मतदानाच्या दिवशी नोकरदारास पगारी सुटी देण्याचे बंधन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ख या कलमान्वये मालकावर आहे. मतदारसंघाबाहेर नोकरी करणाऱ्या मतदारासही ही सुटी मिळते. महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा कर्नाटकात वा गोव्यात विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक नव्हती. अशा वेळी आपला कोणता कामगार कोठला मतदार आहे, हे मालकास दप्तरातील नोंदीवरून समजते. नोंदच चुकीची असेल, तर सुटीचा हक्क सांगताना कामगाराची बाजू लंगडी पडते.

शिधापत्रिका आणि वाहन

केवळ धान्यासाठी पत्ता बदलण्याची गरज राहिलेली नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली असून अन्नसुरक्षा कायद्याखालील लाभार्थी आधार पडताळणीने परराज्यातील रास्त भावाच्या दुकानातूनही धान्य घेऊ शकतो. वाहनाच्या बाबतीत, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नव्या नोंदणीचा प्रश्न येतो. रोज सायंकाळी घरी परतणारे वाहन त्या राज्यात ‘ठेवलेले’ नसते. मात्र हे दाखविण्यासाठी घराचा पत्ता सर्व कागदपत्रांत सारखा असणे हिताचे ठरते.

अर्ज भरताना

रोज ये-जा करणाऱ्याने ‘सध्याचा’ आणि ‘कायमचा’ या दोन्ही रकान्यांत आपल्या घराचाच पत्ता लिहावा. आठवड्याचे दिवस कामाच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्याने सध्याच्या रकान्यात खोलीचा व कायमच्या रकान्यात गावाकडील पत्ता द्यावा. सुटीत गावी जात असल्यास तेही लेखी कळवावे. घर बदलल्यास दिनांक घालून अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. भविष्यनिर्वाह निधी व विमा यांतील वारसांचे पत्तेही त्याच वेळी तपासावेत.

मालकांनी व ठेकेदारांनी कामगारास सोयीचा पत्ता लिहावयास सांगू नये. ज्या गावांतील तरुण सीमेपलीकडे नोकरीस जातात, तेथील शिक्षकांनी व ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांनी अर्ज भरतानाच त्यांना ही माहिती द्यावी. पत्त्याच्या चार ओळी खऱ्या लिहिण्यास खर्च काही नाही. आणि प्रसंग आला, तर त्याच चार ओळींवर एखाद्या कुटुंबाचा आधार अवलंबून असतो.