वाकले की बरे वाटते!

मराठी भाषेने माणसाच्या पाठीवर फारच भार टाकलेला आहे. शाबासकी द्यायची ती पाठीवर, संकटात करायची ती पाठराखण. कामाला लागायचे म्हणजे कंबर कसायची आणि दैव फिरले म्हणजे तीच कंबर मोडायची! पण ही पाठ खरोखरच दुखू लागली, की आपण सारे एका सुरात म्हणतो, "वय झालं, चालायचंच!" आणि या 'चालायचंच'पायी कित्येकांचे चालणेच बंद पडते. (ही कोटी शिक्षकी पेशाची. वाचकांनी चालवून घ्यावी.)

माझ्या थोरल्या आत्याचे असेच होत आले होते. आमचे मूळ गाव राजूर. घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याने अकोले तालुक्यात शिरले की ते लागते. बाहेरच्या लोकांना ते पेढ्यांसाठी आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी ठाऊक असते, पण गावचा खरा जीव भातात. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर दाढ टाकायची, आणि आषाढात खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहून आवणी करायची. पाठीवर इरले, हातात रोपांची जुडी, आणि कंबर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाकलेली. आत्याने अशा पन्नासएक आवण्या केल्या असतील.

साठी उलटल्यावर तिची कंबर धरू लागली. मग नेहमीचे उपचार झाले. तेल झाले, शेक झाला. उसण भरली असेल म्हणून एका पायाळू मुलाला बोलावून त्याचा पाय कमरेला लावून झाला. पोर बिचारे संकोचून गेले होते. दुखणे हटले नाही. उलट ते कमरेतून मांड्यांत आणि मांड्यांतून पोटऱ्यांत उतरले. बाजाराच्या वाटेवर ती तीनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकू लागली. पुढे बाजारच सुटला. देवळात जाणे सुटले. "जन्मभर वाकून राबली, त्याचंच हे फळ," असे साऱ्या आळीचे निदान होते.

आत्या मात्र एक विचित्र गोष्ट सांगे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे. "आरं, वाकले का बरं वाटतं. ताठ चालाया लागले का पाय भरून येत्यात, पार लाकडं व्हत्यात. येवढं दुखतं, पर आवणीला हुभी केली तर दिसभर करीन मी!"

मी नोकरीनिमित्त नाशिकला असतो. तिला तिथे एका मणक्याच्या सर्जनकडे नेले, तेव्हा हेच वाक्य ऐकून त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. "आजी, पुन्हा सांगा बरं," म्हणाले. मग पायाच्या नाड्या पाहिल्या. पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसते उभे राहिले तरी आराम पडतो. आत्याला बसावे लागे किंवा वाकावे लागे. एम.आर.आय. पुढे झालाच, पण निदान बरेचसे त्या एका वाक्यानेच केले होते.

प्रकार असा असतो. मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मागल्या बाजूने एक पोकळ नळी जाते. तीतून पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात. वय वाढते तशी मणक्यांमधली चकती चेपते, सांध्यांवर हाडाची वाढ होते, आतला अस्थिबंध जाड होतो, आणि ती नळी अरुंद होत जाते. ताठ उभे राहिले की ती आणखी आवळते, आणि वाकले की थोडी मोकळी होते. ज्या वाकण्याला सारी आळी शिव्या देत होती, तेच आत्याचे औषध होते! असे रोगी सायकल खुशाल चालवतात आणि चार पावले चालताना रडकुंडीला येतात. हॉलंडमधल्या हेंक फेर्बीस्ट नावाच्या मेंदू-शल्यज्ञाने १९५४ साली हे दुखणे नीट वर्णन करून वैद्यकाच्या नकाशावर आणले. त्याआधी असे किती रोगी 'चालायचंच' म्हणून घरात बसले असतील, कोण जाणे.

ऑपरेशनचे नाव निघताच घरात रडारड झाली. मणक्याला सुरी लागली की माणूस लुळा होतो, ही आपल्याकडची ठाम समजूत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली असतो तो सुट्या नसांचा झुपका. त्याला शास्त्रात 'घोड्याचे शेपूट' म्हणतात. आत्याचे दुखणे चौथ्या-पाचव्या मणक्यात, म्हणजे त्याच्याही खाली. धोका नाहीच असे त्यांनी म्हटले नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, रक्ताची गुठळी, सारे मोजून सांगितले. मला त्यांचे हे सांगणेच भरवशाचे वाटले.

मणक्याच्या शस्त्रक्रियेची भीती मराठी घरांतून काढण्यात डॉ. प्रेमानंद रामाणी यांचा वाटा मोठा आहे. मूळचे गोव्याचे, इंग्लंडात न्यूकॅसलला शिकलेले आणि मुंबईच्या शीव रुग्णालयात काम केलेले हे सर्जन. सरकलेल्या मणक्यांमध्ये मागच्या बाजूने हाडाचा तुकडा बसवून ते जोडण्याची पद्धत त्यांनी आपल्या देशात रुजवली. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'ताठ कणा', आणि साठीनंतरही ते मॅरेथॉन धावत राहिले.

पण म्हणून प्रत्येक पाठदुखीला सुरी नको. बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत, हिंडत-फिरत राहूनच बरी होते. नुसती कंबर दुखते आणि पाय ठीक आहेत, अशांना नळी मोकळी करून फारसा लाभ होत नाही. आणि स्क्रू? हल्ली पुष्कळांना तो सक्तीचा वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात अशा रोग्यांपैकी काहींची नळी नुसती मोकळी केली, आणि काहींचे मणके त्याबरोबर जोडलेही. दोन वर्षांनी दोघांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. तेव्हा "माझे मणके जोडायची गरज का आहे?" असे डॉक्टरांना विचारण्यात काही अविनय नाही. मात्र लघवी-शौचावरचा ताबा जाऊ लागला, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळे पडले, तर घरात चर्चा करीत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आत्याला आधी सहा महिने व्यायाम आणि औषधे दिली. मणक्यात एक इंजेक्शनही झाले. त्याचा गुण तीन आठवडे टिकला. मग तिनेच निकाल दिला. मुलगे अजून कुजबुजत होते, तेवढ्यात म्हणाली, "मला बाजाराला जायाचंय. वट्यावर बसून मरायचं नाही."

वय सदुसष्ट. पालथे निजवून, दोन मणक्यांमागची हाडाची कमान आणि जाड झालेला अस्थिबंध काढला. दोनएक तास लागले. स्क्रू नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने तिला उभे केले. जखम दुखत होती, पण पोटऱ्या मोकळ्या होत्या. ती सारखी त्याच चाचपून पाहत होती. खोलीच्या दारापर्यंत गेली आणि सवयीने कमरेत वाकली. "आजी, आता ताठ चला की!" नर्स म्हणाली. इतक्या वर्षांची सवय एका सकाळी कशी मोडणार? पुढचे तीन महिने तिला चालायला नव्याने शिकावे लागले. आधी दहा मिनिटे, मग वीस. वजन उचलायचे नाही, झटक्याने वळायचे नाही. सुनेने पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, यावरून तिचे आणि सुनेचे चांगलेच वाजले.

आता ती बाजाराला जाते, वाटेत न टेकता. आवणीला जात नाही, पण बांधावर उभी राहून इतरांच्या चुका काढते. कमरेला अधूनमधून कळ येते, आणि डाव्या अंगठ्याचा बधिरपणा काही गेलेला नाही. जुनी दबलेली नस पुरती जागी होईलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्याबद्दल विचारले तर ती म्हणते, "आंगठ्याचं काय घेऊन बसलास? पेढे आणलेत, ते खा."