ग्रँट मशीनसाठी नसते

मरोळ एमआयडीसीत किंवा मुलुंडच्या एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये सरकारी ग्रँटचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सीएनसी मशीनवर किती टक्के सबसिडी?" बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. मशीनच्या सवलती हा वेगळा विषय. संशोधनाची ग्रँट असते ती अजून न जमलेली गोष्ट जमते का, हे पाहण्यासाठी. 2021 साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत प्रोटोटाइप आणि चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत तरतूद होती, पण त्यातून कसलीही सुविधा उभारायची नाही, असं नियमातच लिहिलेलं होतं.

समजा, घाटकोपरच्या गाळ्यात व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एकाला गळती आधीच ओळखणारा सेन्सर त्यात बसवायचा आहे. "उत्पादन वाढवायचं आहे, 20 लाख द्या" हा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद. तोच माणूस लिहितो की 10 बार दाबाखाली हा सेन्सर किती टिकेल ते ठाऊक नाही. 5 नमुने करू, प्रयोगशाळेत तपासून घेऊ. इतका खर्च सर्किटला, इतका चाचणी शुल्काला, इतका इंजिनिअरच्या पगाराला. मग समिती पुढचं पान उलटते. आपले लोक नेमकं हे "ठाऊक नाही" अर्जातून गाळतात. पैसे मिळतात ते त्याचेच.

"हे सगळं पवईच्या पोरांसाठी" हे अर्धसत्य. आयआयटी मुंबईतलं 'साइन' हे इन्क्युबेशन केंद्र 2004 पासून आहे. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथेच वाढली आणि 2023 मध्ये शेअर बाजारात आली, त्यामुळे तेच नाव कानावर पडतं. पण केंद्र सरकारच्या 'निधि-प्रयास' योजनेत नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत मिळतात आणि त्यासाठी आयआयटीची पदवी लागत नाही. विद्याविहारला सोमय्यांचं 'रिडल' हे इन्क्युबेशन केंद्र आहे. पवईतलंच 'बेटिक' हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र तर राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातून 2014 साली सुरू झालं. साध्या स्टेथोस्कोपला जोडून हृदयाचे ठोके मोठ्याने ऐकवणारं, मोबाइलवर नोंदवणारं 'आयुसिंक' तिथलंच.

खरी अडचण कागदाची असते. कित्येक गाळे प्रोप्रायटरशिपवर चालतात आणि हातातलं उद्यम प्रमाणपत्र म्हणजेच स्टार्टअप मान्यता, असा मालकाचा समज असतो. डीपीआयआयटी या केंद्रीय विभागाची ती मान्यता प्रोप्रायटरला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात हे कळतं आणि मग सीएच्या नावाने बोटं मोडली जातात.

"प्रयोग फसला तर घर विकून फेडावं लागेल" ही भीतीही ऐकू येते. ग्रँट आणि कर्ज यांची इथे गल्लत होते. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅक या केंद्रीय संस्थेची बीआयजी ग्रँट 50 लाखांपर्यंत आणि 18 महिन्यांची असते. काम प्रामाणिकपणे करून निकाल उलटा आला, तर तो गुन्हा नाही. याउलट 1996 साली स्थापन झालेलं टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत 5 टक्के सरळ व्याजाने कर्ज देतं. ते फेडावंच लागतं. नोव्हेंबर 2025 मध्ये सुरू झालेला केंद्राचा 1 लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास व नावीन्य) निधीसुद्धा मुख्यतः दीर्घ मुदतीचं स्वस्त कर्ज आणि भांडवल आहे. आकडा बघून हुरळू नका.

लोक अडकतात ते हिशेबात. रक्कम हप्त्यांनी येते, ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. प्रत्येक वेळी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. मंजूर बजेटमध्ये नसलेलं जुन्या पुरवठादाराचं बिल त्यातून भागवलं, की पुढचा हप्ता अडकलाच म्हणून समजा.

ओळख लागते का? अर्ज ऑनलाइन असतात, आणि साकीनाक्याला केंद्राचं एमएसएमई कार्यालय आहे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. गोंधळ मात्र खरा आहे. अमेरिकेने 1982 मध्ये कायदा करून मोठ्या खात्यांना संशोधनाच्या बजेटचा ठराविक वाटा लहान कंपन्यांना द्यायला लावला. आपल्याकडे तसा सरसकट कायदा नाही, म्हणून खातं तितक्या योजना आणि योजना तितके फॉर्म. एजंटांचं फावतं ते यामुळे.

शेवटचा समज असा, की सरकार पेटंट घेऊन टाकतं. बीआयजीसारख्या ग्रँटमध्ये ते अर्जदाराकडेच राहतं. तरी सही करण्याआधी करार वाचा, कारण काही सीड फंडांत इन्क्युबेटर कंपनीत हिस्सा घेतो. पेटंट हातचं जातं ते बहुधा आपल्याच घाईने: अर्ज न करता गोरेगावच्या प्रदर्शनात स्टॉल लावून नमुना सगळ्यांना दाखवला, की नावीन्याचा दावा टिकणं मुश्कील होतं. आधी तात्पुरता पेटंट अर्ज भरा. लहान उद्योगाला आणि स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क 1,600 रुपये आहे, आणि सविस्तर अर्जासाठी पुढे 12 महिने मिळतात.