न बोलावता मैदानावर

अमेरिकेत ‘फुटबॉल’ म्हटले की पेले-मॅराडोनाचा खेळ डोळ्यांसमोर आणून चालत नाही. त्या खेळाला तिथे ‘सॉकर’ म्हणतात. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू बहुतांशी हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून खेळायचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्यातही विद्यापीठांचा फुटबॉल हे एक स्वतंत्र साम्राज्यच आहे. शरद ऋतूतल्या शनिवारी एकेका विद्यापीठाच्या प्रेक्षागारात माणसांचा सागर लोटतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता एक लाखाहून अधिक आहे. तिथे खेळणारी मुले मात्र अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची, कागदोपत्री ‘विद्यार्थी’ असतात.

या मुलांची निवड फार आधी सुरू होते. शाळेच्या मैदानावर चमकणाऱ्या मुलांवर प्रशिक्षक वर्षानुवर्षे नजर ठेवतात, त्यांच्या घरी जातात, आईवडिलांशी बोलतात आणि शिष्यवृत्ती देऊ करतात. तरीही दरवर्षी काही विद्यार्थी असे निघतात, की ज्यांना कोणीही बोलावलेले नसते. स्वतःच्या खर्चाने विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आणि मग फुटबॉल कार्यालयाचे दार ठोठावून विचारायचे, ‘मला एक संधी द्याल का?’ अशा खेळाडूला तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. म्हणजे आपण होऊन मैदानावर चालत आलेला. गेल्या काही वर्षांत या शब्दामागची परिस्थिती झपाट्याने बदलली असल्यामुळे ही प्रथा नीट समजून घेणे आवश्यक आहे.

शिष्यवृत्तीचे गणित

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, शाळा संपल्यावर किमान तीन वर्षे होईपर्यंत खेळाडूला दारात उभे करत नाही. बेसबॉलमध्ये जशी दुय्यम व्यावसायिक संघांची उतरंड आहे, तशी फुटबॉलमध्ये नाही. त्यामुळे विद्यापीठे हीच या खेळाची खरी रोपवाटिका ठरली. विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी ‘एनसीएए’ ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. मैदानावरील गंभीर दुखापती आणि मृत्यू यांमुळे उठलेले वादळ हेच तिच्या जन्माचे कारण होते. १९७३ साली तिने सदस्य संस्थांची तीन विभागांत वाटणी केली. पहिल्या विभागातील सर्वोच्च पातळीवर आज सव्वाशेहून अधिक विद्यापीठे आहेत. तिसऱ्या विभागातील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

सर्वोच्च पातळीवरील संघाला एका वेळी जास्तीत जास्त ८५ फुटबॉल शिष्यवृत्त्या देता येतील, अशी मर्यादा १९९०च्या दशकापासून होती. मैदानावर एका वेळी अकराच खेळाडू उतरतात, मग ८५ कमी कसे, असा प्रश्न पडेल. पण या खेळात आक्रमणाची फळी वेगळी, बचावाची वेगळी आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगांसाठी तिसरीच तुकडी असते. प्रत्येक जागेसाठी राखीव खेळाडू लागतात. दुखापतींमुळे त्यांतले काही सतत बाहेर असतात. शिवाय रोजच्या सरावात मुख्य संघासमोर उभे राहायला दुसरा संघ हवाच. ही उणीव शिष्यवृत्ती नसलेल्या खेळाडूंनी भरून निघे आणि अनेक संघांची पटसंख्या शंभराच्या बरीच पुढे जाई. नेब्रास्का विद्यापीठाने तर राज्यातील गावोगावच्या मुलांना अशा रीतीने सामावून घेण्याची परंपराच निर्माण केली. टॉम ऑस्बर्न यांच्या मार्गदर्शनाखाली १९९४, १९९५ आणि १९९७ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या या संघाच्या जडणघडणीत या मुलांचा वाटा मोठा मानला जातो.

दोन दारे

सगळे ‘वॉक-ऑन’ सारखे नसतात. पहिला प्रकार ‘प्रिफर्ड’, म्हणजे पसंतीच्या खेळाडूंचा. शिष्यवृत्ती शिल्लक नाही, पण तू आलास तर संघात जागा नक्की, असे प्रशिक्षक त्यांना आधीच सांगून ठेवतात. दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने अनाहूतांचा. त्यांना कोणतेही आश्वासन नसते. सत्राच्या आरंभी, किंवा वसंत ऋतूतील सरावापूर्वी, संघ एक जाहीर निवडचाचणी घेतो. तिथे नशीब आजमावायचे. बाहेरून हे दोन्ही प्रकार एकसारखे दिसले, तरी संघात जागा मिळण्याची शक्यता पहिल्यात बऱ्यापैकी आणि दुसऱ्यात अत्यल्प असते. विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच प्रशिक्षकांशी पत्रव्यवहार करावा, स्वतःच्या खेळाची चित्रफीत पाठवावी, असे म्हणतात ते याचसाठी.

आधी कागद, मग कसरत

मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वी बरीच कागदपत्रे जमवावी लागतात. विद्यार्थी पूर्णवेळ असला पाहिजे. पदवीपूर्व अभ्यासक्रमात याचा अर्थ साधारणपणे सत्राला किमान १२ क्रेडिट. पहिल्या विभागात खेळायचे तर शाळेतील १६ मूलभूत विषय पूर्ण झालेले असावे लागतात आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. हौशी खेळाडू म्हणून पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडे नोंदणी करावी लागते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. ती गेल्या सहा महिन्यांतली असावी लागते.

या तपासणीत सिकलसेल या रक्तदोषाची माहितीही द्यावी लागते. २००६ साली टेक्सासमधील राइस विद्यापीठाचा एक तरुण फुटबॉलपटू सरावानंतर दगावला. त्याच्या रक्तात या दोषाचे लक्षण होते आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर २०१०पासून पहिल्या विभागात ही दक्षता सक्तीची झाली. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांमुळे सिकलसेल हे नाव आपल्याला अपरिचित नाही. एरवी निरोगी भासणाऱ्या वाहकालाही टोकाच्या शारीरिक श्रमांत धोका संभवतो, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. चाचणीला आलेल्या अनोळखी मुलाबाबत तर ही माहिती अधिकच महत्त्वाची. कारण संघाच्या डॉक्टरांनी त्याला पूर्वी कधी पाहिलेलेच नसते.

चाचणीचा दिवस

चाचणी बहुधा पहाटे असते आणि ती तास-दीड तासात संपते. उंची आणि वजन नोंदवले जाते. मग ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची धाव. या खेळात कोणताही धावपटू सरळ रेषेत फार लांब क्वचितच पळतो. पहिल्या काही पावलांचा स्फोटक वेगच निर्णायक ठरतो, म्हणून हे अंतर. त्यानंतर पाच यार्ड एका बाजूला, दहा यार्ड उलट आणि पुन्हा पाच यार्ड मूळ जागी, अशी दिशाबदलाची धाव असते. जागच्या जागी उंच उडी आणि लांब उडी होते. शेवटी ज्या जागेसाठी उमेदवारी आहे त्या जागेची कौशल्ये पाहिली जातात. बहुतेक ठिकाणी या दिवशी अंगावर कवचही नसते आणि धडकाधडकीही नसते.

प्रशिक्षक या वेळी काय पाहतात? वेग आणि अंगकाठी तर पाहतातच. पण सूचना एकदा सांगितल्यावर कळते का, रांगेत उभा असताना मुलगा कसा वागतो, दमल्यावर त्याची पावले ढिली पडतात का, हेही टिपले जाते. मुख्य म्हणजे संघाची गरज काय, यावर सारे अवलंबून असते. चेंडू पायांमधून मागे अचूक फेकणारा ‘लाँग स्नॅपर’ किंवा चेंडू लाथाडणारा ‘किकर’ यांसारख्या विशेष कामांसाठी अनाहूताला तुलनेने अधिक वाव असतो. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संघात ‘वॉक-ऑन’ म्हणून आलेली केटी नाइडा २००३ साली सर्वोच्च विभागात गुण मिळवणारी पहिली महिला ठरली, ती किकर म्हणूनच. २०२० साली व्हॅंडरबिल्ट विद्यापीठाचे किकर कोरोनामुळे विलगीकरणात अडकले, तेव्हा सॉकर संघाची गोलरक्षक सारा फुलर हिला थेट फुटबॉल संघात बोलावण्यात आले.

चाचणीनंतर निवडयादी लागते. तिच्यावर दोन-चार नावे असतात; कधी एकही नसते.

निवडीनंतरचे आयुष्य

यादीत नाव लागले म्हणजे शनिवारी मैदानात उतरायला मिळाले, असे नव्हे. नव्या ‘वॉक-ऑन’ची नेमणूक बहुधा ‘स्काउट टीम’मध्ये होते. येत्या शनिवारचा प्रतिस्पर्धी ज्या चाली खेळतो, त्या आठवडाभर हुबेहूब करून दाखवायच्या आणि आपल्याच मुख्य संघाचा मारा झेलायचा, हे त्या तुकडीचे काम. दर आठवड्याला नवा प्रतिस्पर्धी, म्हणून दर आठवड्याला नवे सोंग. सामन्याच्या दिवशी यातली बरीच मुले गणवेश घालून कडेला उभी असतात. परगावच्या सामन्याला तर अनेकांना नेलेही जात नाही.

नियमानुसार हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. परंतु प्रवास, दुखापतींवरील उपचार हे त्यात धरले जात नाहीत. शिष्यवृत्तीधारक खेळाडूचे शुल्क, निवास, भोजन, पुस्तके यांचा भार विद्यापीठ उचलते. ‘वॉक-ऑन’ तेवढाच घाम गाळतो, तोच मार खातो आणि शुल्क मात्र स्वतः भरतो; त्यासाठी बहुधा कर्ज काढतो. २०१४पर्यंत पोटभर जेवणाबाबतही भेदभाव होता. त्या वर्षी एनसीएएने पहिल्या विभागातील सर्व खेळाडूंना, यांनाही धरून, हवे तेवढे जेवण देण्याची मुभा विद्यापीठांना दिली. डोक्याला बसणाऱ्या आघातांचा धोका मात्र शिष्यवृत्ती असो वा नसो, सर्वांना सारखाच.

दंतकथा आणि वस्तुस्थिती

तरीही मुले येत राहतात, त्यामागे काही कहाण्या आहेत. सर्वांत प्रसिद्ध कहाणी रूडी रूटिगरची. इलिनॉयमधील चौदा भावंडांच्या कुटुंबातला हा बुटका मुलगा नौदलातील नोकरी आणि वीजकेंद्रातील काम करून नोत्र दाम विद्यापीठात पोहोचला, तोही प्रवेशअर्ज वारंवार नाकारला गेल्यानंतर. ८ नोव्हेंबर १९७५ रोजी जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या काही सेकंदांसाठी तो मैदानात उतरला, प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य फेकपटूला त्याने खाली पाडले आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यांवर उचलून नेले. १९९३ साली यावर ‘रूडी’ हा चित्रपट निघाला. त्यात सहकारी एकामागून एक आपापले जर्सी प्रशिक्षकांच्या मेजावर ठेवतात, तो प्रसंग मात्र प्रत्यक्षात घडलेला नाही.

रूडीचे यश काही सेकंदांचे होते. काहींनी त्यापुढे मजल मारली. सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनमध्ये ‘वॉक-ऑन’ झालेला जे. जे. वॉट मधल्या काळात पिझ्झा घरपोच पोहोचवण्याचे काम करत होता. पुढे एनएफएलमधील सर्वोत्तम बचावपटूचा सन्मान त्याने तीनदा मिळवला. बेकर मेफिल्ड तर टेक्सास टेक आणि ओक्लाहोमा अशा दोन्ही ठिकाणी बोलावल्याविना आला. २०१७ साली विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च ‘हाइझमन’ करंडक त्याने पटकावला आणि पुढच्या वर्षी एनएफएलच्या निवडीत त्याचे नाव पहिले पुकारले गेले. आर्कान्सा विद्यापीठात असाच वर आलेला ब्रँडन बर्ल्सवर्थ एनएफएल संघाने निवडल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १९९९ साली, मोटार अपघातात गेला. ‘वॉक-ऑन’ म्हणून सुरुवात केलेल्या सर्वोत्तम खेळाडूला २०१०पासून त्याच्या नावाचा करंडक देण्यात येतो.

ही नावे खरी आहेत. पण ती लक्षात राहतात तीच मुळी विरळा असल्यामुळे.

अरुंद होणारे दार

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली. खेळाडूंच्या जिवावर विद्यापीठे कोट्यवधी डॉलर मिळवतात, त्यांत खेळाडूंनाही वाटा हवा, हा या लढ्याचा गाभा. तडजोडीनुसार २०२५-२६पासून सहभागी विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षी ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. शिष्यवृत्त्यांवरील ८५ची मर्यादा गेली. तिच्या जागी पटसंख्येवर मर्यादा आली : फुटबॉलसाठी १०५.

वरवर पाहता हा न्यायच होता आणि अनेकांसाठी तो तसा आहेही. परंतु ज्या संघांत सव्वाशेच्या आसपास खेळाडू असत, त्यांना कात्री लावणे भाग पडले. कात्री कोणावर चालणार, हे उघड होते. मंजुरीपूर्वीच काही मुलांना नारळ मिळाला. एप्रिल २०२५मध्ये न्यायाधीशांनी नेमक्या याच मुद्द्यावर मंजुरी रोखून धरली, तेव्हा जागा गमावलेल्या खेळाडूंना मर्यादेतून वगळण्याची तरतूद करण्यात आली. मात्र त्यांना परत घेणे विद्यापीठांच्या इच्छेवर सोडले गेले. शिवाय ही सवलत त्या वेळच्या खेळाडूंपुरतीच आहे. यापुढे येणाऱ्या अनाहूताला १०५मध्येच जागा शोधावी लागेल, तीही संघ बदलू पाहणाऱ्या अनुभवी खेळाडूंशी स्पर्धा करून. खेळाडूंना न्याय मिळवून देणाऱ्या व्यवस्थेत सर्वांत कमी मागणाऱ्याचीच जागा आक्रसली, हा विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

मग प्रयत्न करावा की करू नये? अमेरिकेत वाढणाऱ्या एखाद्या मराठी घरातल्या मुलानेही उद्या हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे लागेल. विद्यापीठ निवडायचे ते अभ्यासक्रम आणि शुल्क पाहून. फुटबॉल नसता तरी आपण इथेच आलो असतो का, हे स्वतःला विचारून. खालच्या विभागातील संघांत खेळण्याची शक्यता अधिक असते, हे विसरू नये. निवड झालीच तर चार वर्षे सरावातच जातील, हे गृहीत धरावे. एवढे सारे मान्य करूनही ज्याला पहाटे त्या रांगेत उभे राहावेसे वाटते, त्याला अडवू नये. यादीत नाव नसले तरी त्याचे सत्र, त्याची पदवी आणि त्याचे महाविद्यालय त्याच्याकडे शाबूत असते; फक्त प्रवेश घेतानाच ही काळजी घेतलेली असली पाहिजे.