शेतीसंरक्षण बंदूक: परवाना कोणाला मिळतो, कोणाला नाही?

भात पोटरीत आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा चोंढा लोळवतो. म्हणूनच कोकणात अनेक घरांत ठासणीची बंदूक असते. पण परवाना घराला किंवा सातबाऱ्याला मिळत नाही, तो माणसाला मिळतो.

वडील वारले आणि त्यांची बंदूक माळ्यावर तशीच राहिली, तर ती वारसाकडे विनापरवाना ठरते. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ती विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग आपल्या नावे अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान २ ते ५ वर्षे कैद आणि दंड आहे. वडील हयात असतील आणि वयाची ७० वर्षे झाली असतील, किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षे असेल, तर वारसाला आत्ताच अर्ज करता येतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. तिथून तो चौकशीसाठी आपल्या पोलीस ठाण्याकडे जातो. पोलीस पूर्वीचे गुन्हे, वागणूक आणि बंदुकीची खरी गरज पाहतात. अर्जाबरोबर वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. पीक नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर जोडा, त्यातून गरज दिसते.

२१ वर्षांखालील व्यक्तीला परवाना नाही. हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती संपल्यावरही ५ वर्षे बंदूक बाळगता येत नाही. शेतकऱ्यांना जास्त अडवते ती चॅप्टर केस. बांधावरून भावकीत भांडण झाले, शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश निघाला, की त्या मुदतीत बंदूक जवळ ठेवणे बेकायदा. नुसती नोटीस आली म्हणजे बंदी नव्हे, तरी पोलीस अहवालात तिचा उल्लेख येऊ शकतो. म्हणून बांधाचा वाद आधी मोजणीने मिटवा, अर्ज नंतर करा.

जमीन थोडी आहे किंवा मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने मात्र परवाना नाकारता येत नाही. नकार मिळाला तर कारणे लेखी मागा. अपील करता येते.

अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि जुन्या परवानाधारकाला वन विभागाकडे नोंदणी करावी लागते.

आणखी एक, कारण यात भले भले फसतात. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली वन विभागाची वेगळी परवानगी हवी; त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या. गव्यावर तर पीक वाचवण्यासाठीही गोळी झाडता येत नाही.