लायगोचं सॉफ्टवेअर आणि बदलत्या अटी

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, दुधाळा शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजूर केलेले 2,600 कोटी, 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, लेझर, निर्वात नळ्या हे सगळं एव्हाना वाचकांच्या परिचयाचं झालं आहे. त्या भुजांमधून येणाऱ्या आकड्यांच्या ढिगाऱ्यात कृष्णविवरांच्या धडकेची खूण शोधायचं काम मात्र सॉफ्टवेअर करतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. अशी खूण ओळखायच्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा आहे. आज त्या कामासाठी जगभर वापरली जाणारी लालसूट, पायसीबीसी, जीडब्ल्यूपाय ही सॉफ्टवेअर्स पूर्णपणे खुली आहेत. 14 सप्टेंबर 2015 ला टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीचा डेटाही खुला आहे. हिंगोलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने मनावर घेतलं, तर घरच्या लॅपटॉपवर ती लहर तो स्वतः शोधू शकतो.

पण खुलं म्हणजे बेवारस नव्हे. कोड लिहिणाऱ्याचा त्यावर कॉपीराइट असतोच. तो फक्त काही अटींवर इतरांना वापरू देतो. त्या अटी म्हणजे लायसन्स. एमआयटी लायसन्सचं म्हणणं एवढंच, की माझं नाव आणि ही सूचना काढू नका, बाकी काय हवं ते करा. जीपीएल कडक आहे: बदल करा, वाटा, पण वाटताना मूळ कोडसकट आणि याच अटींवर वाटा.

आता अडचण अशी, की कुठलंच सॉफ्टवेअर एकट्याच्या बळावर उभं नसतं. लालसूटची एखादी सी भाषेतली फाइल उघडा. सुरुवातीला लेखकाचं नाव, साल, आणि खाली एक ठरावीक मजकूर: हा प्रोग्राम जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार, किंवा तुमच्या मर्जीने त्यानंतरच्या कुठल्याही आवृत्तीनुसार वापरा. त्याखाली ‘इनक्लूड’च्या ओळी येतात, म्हणजे आयत्या घेतलेल्या लायब्ररींची यादी. त्यातली एक गणितासाठीची जीएसएल. 2007 मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली आणि जीएसएलने ती स्वीकारली. दुसरी आणि तिसरी आवृत्ती एका पंगतीत बसत नाहीत. दोघींचा आग्रह, की संपूर्ण प्रोग्राम माझ्याच अटींवर वाटला जावा. लालसूटला याची झळ लागली नाही, कारण ‘त्यानंतरच्या कुठल्याही’ ही पळवाट आधीच लिहून ठेवलेली होती. लिब्रेकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरकडे ती नव्हती. ते निव्वळ दुसऱ्या आवृत्तीला बांधलेलं, आणि डीडब्ल्यूजी फाइल वाचणारी लिब्रेडीडब्ल्यूजी लायब्ररी तिसऱ्या आवृत्तीतली. दोन्ही खुली, दोन्ही फुकट, तरी एकमेकांना जोडता येईनात!

याहून विचित्र प्रकार मार्च 2021 मध्ये घडला. रेल्स या वेबसाइट बनवायच्या प्रसिद्ध साधनाच्या पोटात माइममॅजिक नावाची छोटीशी लायब्ररी होती. फाइल चित्राची आहे की पीडीएफ, हे ओळखणं एवढंच तिचं काम. तिच्यावर एमआयटीचा शिक्का होता. पण तिच्यात दुसऱ्या प्रकल्पातून उचललेली एक माहितीची फाइल होती, आणि ती निघाली जीपीएलची. कुणीतरी हे दाखवून दिलं, तेव्हा लायब्ररीच्या लेखकाने लायसन्स बदललं आणि जुन्या आवृत्त्या साठ्यातून काढून घेतल्या. जगभरच्या वेबसाइटवाल्यांचा रोजचा बिल्ड अडला. त्यातल्या अनेकांनी माइममॅजिकचं नावही ऐकलेलं नव्हतं. ती त्यांनी वापरलेल्या लायब्ररीने वापरलेली लायब्ररी, म्हणजे डिपेंडन्सीची डिपेंडन्सी होती. शेवटी रेल्सने ती फाइल ओळखण्याची सोयच बदलली.

तिथे निदान कुणाचा हेतू वाईट नव्हता. कंपन्यांची गोष्ट वेगळी. रेडिस हे डेटाबेस सॉफ्टवेअर 2009 पासून बीएसडी या मोकळ्या लायसन्सवर होतं. मार्च 2024 मध्ये मालक कंपनीने अटी आवळल्या, कारण मोठ्या क्लाउड कंपन्या ते भाड्याने देऊन पैसे कमावत होत्या. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली शेवटच्या मोकळ्या आवृत्तीपासून वाल्की नावाचा फोर्क, म्हणजे वेगळी फुटलेली शाखा, निघाला. पुढे 2025 मध्ये रेडिसने एजीपीएल या खुल्या लायसन्सचा पर्याय देऊन पाऊल मागे घेतलं. क्लाउडची मांडणी करणाऱ्या टेराफॉर्म या साधनाचंही 2023 मध्ये असंच झालं आणि ओपनटोफू हा फोर्क जन्मला. एकदा दिलेली परवानगी सहसा परत घेता येत नाही, म्हणून हे फोर्क शक्य झाले.

गुरुत्वीय लहरींच्या संशोधकांच्या अगदी दारात आलं ते अ‍ॅनाकोंडाचं प्रकरण. पायथनची वैज्ञानिक पॅकेजं बसवायला कोंडा हे साधन सर्रास वापरतात. 2020 मध्ये अ‍ॅनाकोंडा कंपनीने जाहीर केलं, की 200 हून जास्त माणसं असलेल्या व्यावसायिक संस्थांनी आमचा पॅकेजसाठा वापरला तर पैसे मोजावेत. 2024 पर्यंत संशोधन संस्थांनाही विचारणा होऊ लागली. पॅकेजांच्या लायसन्समध्ये काडीचाही फरक नव्हता. वसमतच्या बाजारात हळद शेतकऱ्याची तीच, गोदामवाल्याने मात्र भाडं लावलं, असा मामला. लायगोच्या मंडळींचं सॉफ्टवेअर स्वयंसेवकांच्या कोंडा-फोर्ज साठ्यावर असल्यामुळे त्यांना फार धावपळ करावी लागली नाही. पण एखाद्या नवख्या विद्यार्थ्याने सवयीने अ‍ॅनाकोंडाचंच मिनीकोंडा उतरवलं, की नेमका तो भाड्याचा साठा आपोआप जोडला जातो. अटी वाचणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

या पॅकेजांच्या खाली आणखी एक थर असतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमचा. लायगोच्या संगणकांवर बरीच वर्षं सायंटिफिक लिनक्स होतं, फर्मीलॅब आणि सर्न या प्रयोगशाळांनी रेड हॅट कंपनीच्या खुल्या कोडवरून बांधलेलं. 2019 मध्ये फर्मीलॅबने पुढची आवृत्ती न काढता सेंटओएस या तशाच दुसऱ्या सिस्टिमकडे जायचं ठरवलं. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटने सेंटओएस 8 चं आयुष्यच छाटलं. मग त्याच्या जागी रॉकी लिनक्स आलं. लायसन्समधला एक शब्दही न बदलता हे सगळं घडलं.

हे सगळे प्रकार पाहता, लायसन्सचं नाव वाचण्याआधी कॉपीराइट कुणाकडे आहे ते बघावं, असं माझं मत आहे. एकाच कंपनीकडे असेल, तर एका बैठकीत अटी बदलतात. शेकडो लेखकांत विभागलेला असेल, तर बदल करणं महाकर्मकठीण. व्हीएलसी प्लेअरच्या लोकांना जीपीएलकडून सौम्य एलजीपीएलकडे जायचं होतं, तेव्हा जुन्या लेखकांना एकेक करून गाठून परवानगी घ्यावी लागली. ज्यांची मिळाली नाही त्यांचा कोड बाजूला ठेवावा लागला. लालसूटच्या प्रत्येक फाइलवर वेगळी नावं आहेत. गैरसोयीचं आहे, पण कुणी एक जण ते विकून टाकू शकत नाही.

दुधाळ्याची वेधशाळा 2030 च्या आसपास सुरू व्हावी अशी योजना आहे आणि त्यानंतर ती अनेक वर्षं चालावी अशी अपेक्षा. एवढ्या काळात जीएसएलच्या अटी पुन्हा बदलल्या, तरी आज उतरवून ठेवलेली प्रत आजच्याच अटींवर वापरता येईल. ती तेव्हाच्या संगणकांवर चालती ठेवायला, तिच्यातल्या चुका दुरुस्त करायला माणसं लागतील. ती परभणी-नांदेड-हिंगोलीच्या कॉलेजांतून यायला काहीच हरकत नाही. लालसूटचा कोड वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.