रक्तातील लोहाचा वाहक

फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकले की तपकिरी अवक्षेप तळाशी बसतो. हा प्रयोग आपण वर्गात नेहमीच करून दाखवतो. आता प्रश्न असा, की आपले रक्तही किंचित अल्कधर्मी असते; त्याचा सामू सुमारे ७.४ असतो. मग त्यातले लोह असेच खाली का बसत नाही?

कारण रक्तात लोह सुटे नसतेच. यकृतात तयार होणारे ट्रान्स्फेरिन नावाचे प्रथिन त्याला धरून ठेवते. या प्रथिनाचे दोन भाग असून प्रत्येकात एक फेरिक आयन मावतो. आयनाला सहा ठिकाणी पकडलेले असते : चार पकडी प्रथिनातील अमिनो आम्लांच्या, तर दोन कार्बोनेट आयनाच्या. कार्बोनेट नसेल तर ही पकड नीट बसत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतोच, त्यामुळे त्याची उणीव पडत नाही.

प्रौढ माणसाच्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यापैकी ट्रान्स्फेरिनवर एका वेळी जेमतेम ३ मिलिग्रॅम. पण जुन्या तांबड्या पेशी मोडून निघालेले लोह नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेकडे न्यायचे असते, म्हणून दिवसाकाठी २० ते २५ मिलिग्रॅमची वाहतूक होते. (अन्नातून रोज शोषले जाते ते अवघे १ ते २ मिलिग्रॅम!) लोह हवे असलेली पेशी ट्रान्स्फेरिनला एका सूक्ष्म पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतला सामू ५.५ च्या आसपास उतरला की पकड सैल होऊन लोह सुटते आणि रिकामे प्रथिन पुन्हा रक्तात येते.

गंमत म्हणजे निरोगी माणसात ट्रान्स्फेरिनच्या सुमारे दोन तृतीयांश जागा रिकाम्याच असतात. आम्हाला हा या प्रथिनाचा सर्वांत महत्त्वाचा गुण वाटतो. शेड आणि कॅरोलिन या शास्त्रज्ञांना १९४४ मध्ये आढळले, की अंड्यातील कच्चा पांढरा बलक जीवाणूंची वाढ रोखतो; पण त्यात लोह घातले की जीवाणू पुन्हा वाढू लागतात. १९४६ मध्ये त्यांनी मानवी रक्तद्रवातही लोह बांधून ठेवणारा असाच घटक दाखवून दिला. जंतूंनाही लोह लागते, आणि रिकाम्या जागा ते त्यांच्या हाती लागू देत नाहीत. शिवाय सुटे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया करून पेशींना इजा करणारे मूलक तयार करते, तेही यामुळे टळते.

थॅलेसेमियाच्या मुलांत नेमके हेच संरक्षण कोलमडते. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. रिकाम्या जागा भरून गेल्या की उरलेले लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींत साठू लागते. म्हणून या मुलांना लोह बाहेर काढणारे औषध घ्यावे लागते. त्यांपैकी डेफेरॉक्सामाइन हे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूकडून मिळाले. तो जीवाणू लोह पकडण्यासाठीच हा रेणू बनवतो!

शाळेत आठवड्याला लोहाच्या गोळ्या वाटताना शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. चेहरा फिकट दिसतो म्हणून अशा मुलाला गोळी द्यायची नसते. लोह त्याच्या अंगात आधीच जास्त असते. ज्याला वरचेवर रक्त द्यावे लागते, त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.