फायलीचे दप्तर (लेखांक सहावा)

चित्रफितीच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या फायलीला जे नाव दिलेले असते आणि त्या नावाच्या शेवटी बिंदूनंतर जी तीन-चार अक्षरे येतात, त्यांवर विसंबून त्या फायलीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव बदलण्यास क्षणभर पुरतो, ते कोणालाही बदलता येते, आणि बदलले तरी आत साठवलेल्या मजकुरातील एकही अंक हलत नाही. चित्र कोणत्या पद्धतीने संक्षिप्त केले आहे, ते किती रुंद व किती उंच आहे, ध्वनीचे नमुने सेकंदाला किती घेतले आहेत, याचा दाखला फायलीच्या पोटातच नोंदलेला असतो. आणि तो वाचून दाखवणारी जी साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांपैकी एफएफप्रोब या साधनाची ओळख करून घेण्याचे या आठवड्यात योजले आहे.

फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली एफएफएमपेग या प्रकल्पाचा आरंभ केला. चित्र व ध्वनी हाताळणारी जी असंख्य सॉफ्टवेअर आज जगभर वापरली जातात, त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी हाच प्रकल्प आहे. एफएफप्रोब हे त्याचेच एक अंग. एफएफएमपेग संगणकावर बसवले की बहुधा तेही सोबत येते. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. मागील लेखांकात परिचय करून दिलेल्या टर्मिनलमध्ये ‘एफएफप्रोब -हाइड_बॅनर’ असे लिहून पुढे फायलीचे नाव द्यावे आणि एंटर दाबावे, एवढाच विधी. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहाव्या.) ‘हाइड_बॅनर’ घातले नाही तर हे साधन आधी स्वतःची आवृत्ती आणि बांधणी यांचे लांबलचक निवेदन करते. मूळ फाईल ते केवळ वाचते, तिच्यात काही लिहीत नाही. सबब अत्यंत मोलाच्या चित्रफितीवरही ते निःशंकपणे चालवावे.

उदाहरणादाखल मराठी नाटकाची एक व्हीसीडी घेऊ. डीव्हीडी सर्वत्र रुळण्यापूर्वी कित्येक नाटके, कीर्तने आणि लग्नसोहळे आपल्याकडे याच तबकड्यांवर घरोघर पोहोचले, आणि आज त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच घरांतून नाहीशी होत असल्याने त्यांच्या प्रती संगणकावर उतरवून ठेवण्याची निकड निर्माण झाली आहे. तबकडीवरील फाईल उतरवली की तिच्या नावाच्या शेवटी ‘डॅट’ ही अक्षरे दिसतात, आणि ती पाहून अनेकांची समजूत होते की ही फाईल निरुपयोगी आहे. एफएफप्रोब प्रामुख्याने आतील बाइट तपासते आणि वेष्टनाचा प्रकार ‘एमपीईजी’ असल्याचा निर्वाळा देते. त्याखालच्या ओळीत एकंदर कालावधी येतो, आणि मग प्रत्येक प्रवाहाची स्वतंत्र ओळ: चित्रासाठी ‘एमपीईजी१व्हिडिओ, वाययूव्ही४२०पी, ३५२x२८८, ११५० केबी/एस, २५ एफपीएस’, ध्वनीसाठी ‘एमपी२, ४४१०० हर्ट्झ, स्टीरिओ, २२४ केबी/एस’.

या दोन ओळी सावकाश वाचण्यासारख्या आहेत. वेष्टन, म्हणजे कंटेनर, हे एक. आणि त्यात ठेवलेल्या चित्राचे व ध्वनीचे संक्षेपण ज्या पद्धतीने झाले तो कोडेक हे दुसरे. ‘एमपी४’ ही अक्षरे केवळ वेष्टन सांगतात. आत २००३ साली प्रमाणित झालेला एच.२६४ असू शकेल किंवा त्यानंतरचा एचईव्हीसी, आणि म्हणूनच बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन फायलींपैकी एक जुन्या दूरचित्रवाणी संचावर चालते व दुसरी चालत नाही. सेकंदाला २५ चित्रे हा आकडाही यदृच्छेने आलेला नाही: आपल्या देशाने दूरचित्रवाणीसाठी ६२५ ओळींची पाल पद्धती स्वीकारली, तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारितेच्या निम्मा आहे. तीच तबकडी अमेरिकेसाठी निघाली असती तर ३५२x२४० आणि २९.९७ हे आकडे दिसले असते. ‘वाययूव्ही४२०पी’ या खुणेचा अर्थ असा, की प्रकाशाची नोंद प्रत्येक बिंदूला आहे, रंगाची मात्र शेजारच्या चार बिंदूंना मिळून एकच. कारण मानवी दृष्टी रंगातील बारकाव्यांविषयी तितकीशी चोखंदळ नसते.

आता हेच नाटक ‘उच्च दर्जाचे’ म्हणून कोणी आपल्या हाती दिले, आणि एफएफप्रोबने त्याचे माप १९२०x१०८० असे दाखवले, तर काय समजावे? व्हीसीडीच्या एका चित्रात १,०१,३७६ बिंदू असतात, या नव्या चित्रात २०,७३,६००, म्हणजे वीसपटीहून अधिक. परंतु मूळ तबकडीत नसलेला तपशील ताणून मोठा केल्याने उत्पन्न होत नाही. ध्वनीच्या बाबतीतही तोच प्रकार आहे. एमपी३ फाईल डब्ल्यूएव्हीमध्ये बदलली की साधन प्रामाणिकपणे १४११ केबी/एस, म्हणजे सीडीचाच दर दाखवते, पण संक्षेपणात एकदा गमावलेले स्वर त्यामुळे परत येत नाहीत. फाईल आज कशी साठवली आहे हे एफएफप्रोब सांगते, ती कोणत्या वाटेने इथवर आली हे सांगत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवली तरच त्याच्या आकड्यांचा योग्य उपयोग होतो.

व्हीएचएस फितीवरून उतरवलेल्या चित्रांत एक दोष वारंवार आढळतो, आणि तो शोधण्यास हे साधन विशेष उपयुक्त आहे. पाल पद्धतीचे चित्र अंकीय रूपात ७२०x५७६ बिंदूंचे असते. हे प्रमाण ५:४ होते, दाखवायचे मात्र ४:३ असते. म्हणून प्रत्येक बिंदू उंचीपेक्षा किंचित रुंद मानावा, १६:१५ या प्रमाणात, अशी सूचना फायलीत नोंदवावी लागते. तशी नोंद असल्यास पडद्यावरील रुंदी ७६८ होते आणि ७६८ ला ५७६ ने भागले की बरोबर ४:३ येते. अहवालात हे बिंदूचे प्रमाण ‘एसएआर १:१’, म्हणजे चौरस, असे आढळले, तर लग्नातील सगळी वऱ्हाडी मंडळी उभट व कृश दिसणार हे चित्र न पाहताच सांगता येते. दुरुस्तीसाठी पुन्हा संक्षेपण करण्याची बहुतेक वेळा गरज नसते. एफएफएमपेगला ‘-अॅस्पेक्ट ४:३ -सी कॉपी’ असे सांगितले की चित्राच्या मजकुराला धक्का न लावता वेष्टनावरील नोंद बदललेली नवी प्रत तयार होते.

एफएफप्रोब सामान्यतः जे वाचते ते मुख्यत्वे फायलीच्या नोंदी होत, आणि नोंद व वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते. सातबाऱ्यावर ज्वारी लिहिलेली असली तरी रानात ज्वारीच उभी आहे की नाही, हे पीकपाहणी केल्यावाचून कळत नाही. येथेही तशी पाहणी करता येते: ‘-काउंट_फ्रेम्स’ असे सांगितल्यास साधन चित्राचा प्रवाह आरंभापासून अखेरपर्यंत उलगडून चित्रे मोजते, आणि ‘-शो_स्ट्रीम्स’ जोडल्यास तो आकडा ‘एनबी_रीड_फ्रेम्स’ या नावाखाली दिसतो. सेकंदाला २५ चित्रांच्या तासाभराच्या फितीत ती ९०,००० भरली पाहिजेत. हजार-पाचशे कमी भरली तर फीत उतरवताना चित्रे गळाली असल्याचा संशय घ्यावा. या मोजणीस वेळ लागतो, पण ती टाळू नये. काही एमपी३ फायलींत कालावधीची नोंदच नसते. तेव्हा साधन बिटरेटवरून अंदाज बांधते, आणि हा अंदाज चुकीचा असू शकेल असे स्वतःच बजावते. हा इशारा लाल-पिवळ्या अक्षरांत येतो म्हणून घाबरून जाऊन ओलांडू नये; तो वाचावा.

‘मूव्ह अॅटम नॉट फाउंड’ हा संदेश मात्र गंभीर आहे. एमपी४ मध्ये कोणता तुकडा कोठे आहे याची अनुक्रमणिका ‘मूव्ह’ या भागात असते, आणि चित्रण करणारी यंत्रे ती बहुधा चित्रण संपल्यावर लिहितात. मध्येच वीज गेली किंवा बॅटरी संपली, तर सर्व चित्र व ध्वनी आत असूनही अनुक्रमणिकेअभावी फाईल उघडत नाही. अशी फाईल पुसून टाकू नये. त्याच यंत्राने केलेल्या दुसऱ्या धड फायलीच्या आधारे ती पुष्कळदा सावरता येते, आणि त्याची रीत पुढील लेखांकात येईल.

तूर्त ज्यांनी घरातील वा नाट्यसंस्थेतील जुन्या फिती आणि तबकड्या संगणकावर उतरवण्याचे काम हाती घेतले आहे, त्यांना एक आग्रहाची विनंती. मूळ प्रतीवर ‘एफएफप्रोब -व्ही एरर -शो_फॉरमॅट -शो_स्ट्रीम्स -ओएफ जेसन’ ही आज्ञा चालवावी, शेवटी फायलीचे नाव, मग ‘मोठे’ हे गणिती चिन्ह आणि त्यापुढे अहवालाचे नाव द्यावे, म्हणजे सर्व तपशील एका साध्या मजकुराच्या फायलीत उतरेल. तो अहवाल मूळ प्रतीशेजारीच ठेवावा. आणि नवे, देखणे एमपी४ तयार झाले म्हणून मूळ ‘डॅट’ फाईल टाकून देऊ नये.